प्रचालक आणि चोपदार

स्वेच्छेने चालणाऱ्या कामात सत्ता नसते, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे रूढ आहे. पगार नाही, मानधन नाही, मग सत्ता कोठून येणार? वस्तुतः अशा कामातही सत्ता असतेच. फक्त तिला सेवेचे नाव मिळाल्यामुळे तिची चिकित्सा करणे अशिष्ट मानले जाते. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाच्या निमित्ताने हा प्रश्न आपण, विशेषतः मराठीच्या प्राध्यापकांनी, गंभीरपणे विचारात घ्यावा असे मला वाटते.

केतकरांचा ज्ञानकोश काय किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचा विश्वकोश काय, त्यामागे नावानिशी उभा असलेला संपादक होता. चुकीचा जाब कोणाला विचारायचा, हे वाचकाला ठाऊक होते. विकिपीडियात प्रत्येकजण संपादक असतो. पण पान वगळणे, ते संपादनासाठी बंद करणे, एखाद्या सदस्याला लिहिण्यास मज्जाव करणे हे अधिकार मोजक्या ‘प्रचालकां’कडे असतात. ते आवश्यकही आहेत. खोडसाळ मजकूर रोज निपटून काढणारा हा कष्टाळू माणूस नसेल तर कोशाची रयाच जाईल. अडचण पुढे येते. जो सर्वाधिक राबतो त्याच्याकडे अधिकार येतो, आणि राबणारे मूठभरच असल्याने तो त्याच्याकडेच राहतो.

याचे परिणाम इतरत्र दिसले आहेत. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर ती भाषा नीट न येणाऱ्या एका अमेरिकन तरुणाने हजारो लेख लिहिले होते आणि तो तेथे प्रचालकही होता, हे २०२० साली उघडकीस आले. क्रोएशियन विकिपीडिया तर सुमारे दशकभर एका गटाच्या मुठीत राहिला आणि इतिहासाचे विकृत लेखन तेथे मान्य पाठ ठरले. मराठीत असे घडले आहे, असा माझा दावा नाही. परंतु लहान समूहात हे घडणे किती सोपे असते, एवढे त्यातून कळावे.

भाषेच्या दृष्टीने यात बरेच पणाला लागलेले आहे. कोणता शब्द प्रमाण, कोणता ग्रामीण. कोणती माहिती ‘उल्लेखनीय’, कोणती किरकोळ, हे वगळणाऱ्याच्या निर्णयावर ठरते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ छापील ग्रंथ असल्याने त्याला संदर्भ मिळतो. त्यांच्याविषयी या परिसरात पिढ्यानपिढ्या सांगितले जाणारे मात्र संदर्भाविना बाद ठरू शकते. संदर्भाचा नियम योग्यच आहे. परंतु तो लावताना कारण सांगितले गेले नाही, तर नवा लेखक पुन्हा तेथे फिरकत नाही आणि त्याच्याबरोबर एक बोलीही निघून जाते.

अशा अधिकाराचा एक जुना नमुना आपल्याकडे आहे. ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारोंचा टाळ-मृदंग क्षणात थांबतो. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, तक्रार ऐकून घेतो, आणि मगच आरती होते. शांततेची आज्ञा मोडणे हीच तेथे दाद मागण्याची मान्य रीत आहे. या व्यवस्थेचे भाबडे उदात्तीकरण मात्र नको. त्याच वारीत जातीनिहाय वेगळ्या पंगती इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’मध्ये नोंदवल्या आहेत. शिस्त असली म्हणजे समता असतेच असे नाही.

तरीही तत्त्व घेण्याजोगे आहे. गप्प करण्याचा अधिकार ज्याच्याकडे, ऐकून घेण्याचे कर्तव्यही त्याच्याकडे. म्हणून प्रत्येक वगळणुकीचे कारण साध्या मराठीत लिहिले जावे. निर्णय देणाऱ्यानेच अपील ऐकू नये. स्वीडिश विकिपीडियावर प्रचालक वर्षभरासाठी निवडले जातात, तशी मुदत इथेही असावी.

अर्थात मुदत संपल्यावर पुढे येणारे कोणी नसेल, तर हे सारे नियम कागदावरच राहतील. विकिपीडियाच्या चर्चापानाला मराठीत ‘चावडी’ असे सार्थ नाव आहे. मराठी विभागांतील आपण बहुतेकजण त्या चावडीवर फिरकत नाही आणि तेथील भाषेला मात्र वर्गात नावे ठेवतो. थोड्यांच्या हाती सत्ता एकवटते, ती पुष्कळदा बाकीच्यांनी आपापला वाटा उचलला नाही म्हणून.