आवाज कुठून येतो, ते आधी सांगा

जुन्या फोर-व्हील जीपचा अ‍ॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना खालून खटका आला, की अहमदपूर तालुक्यात एकच निदान कानावर पडतं: ‘हौसिंग गेलंय मालक, खोलावं लागतंय.’ हे बोलणारा अजून गाडीखाली शिरलेला नसतो. चाक जॅकवर नसतं, शाफ्टला कोणाचा हात लागलेला नसतो. तरी क्राऊन-पिनियनची जोडी लातूरहून मागवायची की नांदेडहून, इथपर्यंत बोलणं जाऊन पोहोचतं. मला याचा संताप येतो. हा अडाणीपणा असता तर एक वेळ गिळला असता. पण ज्यांना दहाचा बोल्ट अंधारात चाचपून काढता येतो, त्यांच्याकडून हे ऐकावं लागतं. खोलण्याचे पैसे मिळतात, शोधण्याचे मिळत नाहीत, म्हणून शोधणं बंद झालं.

या गाड्या आमच्याकडे हौसेने टिकलेल्या नाहीत. बालाघाटाच्या उतारावरची आमची काळी जमीन पहिल्या मोठ्या पावसात चाक गिळते. किनगाव, अंधोरी, हाडोळतीच्या शिवारात जून-जुलैत पाणंद रस्त्यावर बियाणं, खताची पोती किंवा आजारी माणूस न्यायचा तर ट्रॅक्टर तरी लागतो, नाहीतर चारही चाकं ओढणारी जीप. महिंद्राने स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात विलीजच्या जीप भारतात आणल्या. पुढे सीजे-३बीपासून एमएम ५४०पर्यंत त्याच घराण्याच्या गाड्या खेड्यांत पोहोचल्या. त्यातल्या ज्या आज उरल्यात, त्या कोणाच्या तरी पोटापाण्याशी बांधलेल्या आहेत. अशा गाडीवर अंदाजाने हजारो रुपये उडवायला लावणं मी गुन्हा समजतो.

प्ले म्हणजे बिघाड, हा समजच आधी मोडायला हवा. दोन दाते एकमेकांत फिरायचे तर मध्ये तेलापुरती फट लागतेच. या जातीच्या हौसिंगमध्ये क्राऊन आणि पिनियनच्या दात्यांत साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर प्ले हवाच असतो. आता हिशेब करू. साडेआठ इंच व्यासाचा क्राऊन आणि ५.३८चं प्रमाण धरलं, तर ०.१५ मिलिमीटरची निरोगी फट प्रोपेलर शाफ्टवर जेमतेम अर्धा अंश दिसते. एकट्या क्राऊन-पिनियनमुळे शाफ्ट पाच अंश मोकळा फिरायचा तर दात्यांमधली फट पावणेदोन मिलिमीटरच्या घरात जायला हवी. इतके झिजलेले दाते खटक्यावर थांबत नाहीत. ते वेगात घुंई करतात, ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा सोडतात. मग शाफ्ट हाताने फिरवून ‘बघा, किती प्ले आहे’ म्हणणारा नक्की काय दाखवत असतो?

तो दाखवतो सगळ्यांची बेरीज. दोन्ही बाजूंच्या एक्सलच्या स्प्लाइनमध्ये आणि हबमध्ये एकेक अंश ढिलाई असेल, तर ती शाफ्टवर पाच अंशांहून जास्त होऊन दिसते, कारण चाकाकडचा प्रत्येक अंश पिनियनपाशी ५.३८ पट होतो. त्यात हौसिंगमधल्या स्टार गिअरांमागचे झिजलेले वॉशर मिळवा. सीजे-३बीच्या मागच्या एक्सलला टोकाशी निमुळता शाफ्ट आणि त्यावर चावी असते. हबचा नट ढिला पडला की ती चावी खाच खाते, आणि प्रत्येक क्लचला खट्ट वाजतं. हा दोष काढायला हौसिंग खोलावं लागत नाही. चाक काढून हबचा नट आणि चावी पाहावी लागते.

आणि हे शोधायला कॉम्प्युटर नको. विलीजच्या आराखड्यातच त्याची सोय आहे: या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी, शाफ्टवर असतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. हे आधी करा, कारण मागचं एक चाक उचललं की हा हँडब्रेक गाडी धरत नाही. डिफरन्शियल उचललेलं चाक उलटं फिरवून जमिनीवरचं चाक घरंगळू देतं. मग हँडब्रेक ओढून एक मागचं चाक जॅकवर घ्या आणि हाताने पुढे-मागे हलवा. ब्रेकच्या ड्रमपासून चाकापर्यंतची ढिलाई, तेवढीच आणि फक्त तेवढीच, तुमच्या हाताला लागते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस या परीक्षेतून बाहेर गेले. दुसऱ्याने गाडीखाली जाऊन बघायचं: शाफ्टच्या क्रॉसचा एक कान हलतो आणि दुसरा थांबतो का, स्लिपच्या स्प्लाइनमध्ये खटका आहे का, पिनियनची फ्लँज हलते का. कान शाबूत, फ्लँज शाबूत, शाफ्ट स्थिर आणि चाक तरी हलतंय, तर दोष हौसिंगपासून हबपर्यंत कुठेतरी आहे. ही परीक्षा करायला चहा थंड होण्याइतका वेळ लागतो.

पुढचा एक्सलही असाच वेगळा काढता येतो. फ्री-व्हील हब असेल तर हब मोकळे करून टू-व्हीलमध्ये चालवा. पुढचा शाफ्ट स्वस्थ बसतो, आवाज गेला तर पुढे शोधा. वळताना पुढून टक-टक येत असेल तर क्रॉसकडे बोट दाखवू नका, चाकाजवळचा जॉइंट पाहा. गतीबरोबर वाढणारी चूं-चूं बहुधा कोरड्या क्रॉसची असते. आणि ज्यांना हौसिंगच दिसतं त्यांनी आधी यू-बोल्ट आवळून पाहावेत. पाट्यांवरचे यू-बोल्ट ढिले असले, पाट्यांचे बुश गेले असले, ट्रान्सफर केसखालचं फाउंडेशनचं रबर फाटलं असलं, तरी क्लच सोडताना एक्सल किंवा गिअरबॉक्स उसळतो आणि अगदी हौसिंगसारखाच ठोका देतो. क्लच प्लेटमधल्या तुटलेल्या स्प्रिंगाही तेच करतात.

माझ्या जीपबद्दल तालुक्यातल्या एका गॅरेजने काय केलं ते सांगतो. खटका आहे म्हणून हौसिंग खोललं, आणि शिम काढून ‘प्ले मारला’. डायल गेज लावला नाही, दात्यांना निळा लावून ठसा पाहिला नाही. खटका तसाच राहिला. वर नवीन घुंई सुरू झाली आणि थोडं चाललं की हौसिंगला हात लावता येईना. कोरड्या दात्यावर दाता दाबला की तेलाची फिल्म फुटते, उष्णता वाढते, आणि जी जोडी अजून कित्येक वर्षं चालली असती ती खरोखर मरते. मूळ खटका ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा ढिला नट देत होता. एक स्प्लिट पिन आणि एक पाना, इतकाच तो इलाज होता.

शाफ्टचंही तेच. काढण्यापूर्वी दोन तुकड्यांवर सरळ रेघ मारायची असते, कारण वाकलेल्या कोनात चालणारा एकटा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो, आणि समोरचा क्रॉस त्याला तेव्हाच काटतो, जेव्हा दोघांचे कान एका ओळीत असतात. स्लिप एक दाता चुकवून बसवली की नव्या क्रॉससकट गाडी थरथरते. मग गिऱ्हाइकाला ऐकवतात, गाडीच जुनी आहे. गाडी जुनी आहे हे तिच्या मालकाला कोणी सांगायला नको. त्याला हे सांगायचं होतं की रेघ कोणी मारली नाही.

आता मालकांकडे वळतो, कारण हा रोग मालकांनीही पोसलाय. नांदेड-लातूर महामार्गावर कोरड्या रस्त्यात फोर-व्हील लावून पळणारे मी पाहिलेत. या जीपमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. चिखलात चाक घसरून फरक सोडवून घेतं. डांबरावर किंवा काँक्रीटवर ते घसरत नाही, मग वळणावर सगळा पीळ क्रॉस, स्प्लाइन आणि गिअर यांच्यावर साठतो. पुढे नवे टायर, मागे झिजलेले, हे केलं की सरळ रस्त्यावरही पीळ भरतच राहतो. आणि विकताना खटका लपवायला १४० नंबरचं जाड ऑइल ओतणारे, पुढच्या शेतकऱ्याच्या गळ्यात गाडी बांधणारे लोक, त्यांच्याबद्दल मला एक चांगला शब्द सुचत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे तपासणीची किंमत न देण्याची सवय. नवा क्रॉस तीन दुकानं फिरून आणतील, बिल भरतील. पण मिस्त्रीने तासभर पाठ जमिनीला लावून दोष शोधला आणि काहीच बदललं नाही, तर म्हणतील, ‘काय केलंस, नट आवळलास फक्त?’ असं ऐकल्यावर तो पुढच्या वेळी हौसिंगच उतरवणार. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून बाहेर पडलेल्या पोराला डायल गेज कसा लावायचा ते शिकवलेलं असतं. तो गॅरेजात आल्यावर गेज पेटीत जातो, कारण गेजच्या कामाचा दर कुठल्याच पाटीवर नसतो. मजुरीच्या पाटीवर ग्रीसिंग असतं, ऑइल बदली असते. ‘तपासणी’ हा शब्द तिथे रंगवा, पुढे रक्कम लिहा, आणि घ्या ती रोख. एक डायल गेज क्राऊन-पिनियनच्या एका जोडीहून स्वस्त पडतो. गॅरेजवाल्याने तो आणला नसेल तर त्याला हौसिंग खोलायचा अधिकार नाही, असं मी स्पष्ट म्हणतो.

आणि मालकांनो, हौसिंग उतरवू देण्याआधी तीन गोष्टी विचारा: हँडब्रेक ओढून चाक हलवून पाहिलं का, यू-बोल्ट आणि फाउंडेशन बघितलं का, प्ले किती मिलिमीटर निघाला. उत्तर नसेल तर चावी घ्या आणि दुसरीकडे जा. उत्तर असेल, आणि मिस्त्री म्हणाला की हौसिंग ठणठणीत आहे, फक्त फ्लँजचा नट आवळून नवी पिन घातली, तर त्याच्या त्या तासाचे पूर्ण पैसे हातावर ठेवा. घासाघीस करू नका.