माजी सैनिकांचा पाठिंबा कोणाच्याच खिशात नाही!



2 डिसेंबरला नगरपरिषदेचं मतदान आहे. दारव्ह्यात सध्या दोनच विषय चालू आहेत. एक, "सर्व्हे आला, आपलं बसलंच!" आणि दुसरा, "माजी सैनिक आमच्यासोबत." या दोन्हीवर थोडं सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी पाठिंब्याचं बोलू. मी 17 वर्षं फौजेत काढून गावात परत आलेला माणूस. गेल्या आठवड्यात एका पॅनेलचं बॅनर मोबाईलवर आलं, "समस्त माजी सैनिकांचा जाहीर पाठिंबा". दोन दिवसांनी विरोधी पॅनेलचं आलं, तेच वाक्य, फक्त रंग वेगळा. बरं, समस्त म्हणजे कोण? मला कोणी विचारलं नाही. माझ्या ओळखीच्या चार-पाच जणांना विचारलं, त्यांनाही कोणी विचारलं नाही. आता चौकात चहा प्यायला उभं राहिलं की लोक विचारतात, "तुमी फौजी लोकं कोनाकून हाये या टायमाले?" जसं काही आम्ही गठ्ठ्यानं मतदान करतो!

नोकरीत असताना सैनिकाला राजकारण वर्ज्य असतं. पक्षाची सभा नाही, प्रचार नाही, वर्गणी नाही. सैन्याच्या नियमातच ते लिहिलं आहे. निवृत्त झाल्यावर तो तुमच्यासारखा साधा मतदार होतो. कोणाला काँग्रेस पटते, कोणाला भाजप, कोणाला ही सेना, कोणाला ती सेना, कोणाला वंचित. कोणाला पक्षात जायचं असेल तर खुशाल जावं, तो त्याचा हक्क आहे. पण स्वतःच्या नावानं जा. सगळ्यांच्या नावानं जाण्याचा हक्क कोणालाच नाही.

हे फक्त गावपातळीवर चालतं असं नाही. वन रँक वन पेन्शनचंच घ्या. सप्टेंबर 2013 मध्ये नरेंद्र मोदींनी रेवाडीला माजी सैनिकांची मोठी सभा घेतली, तिथे हा मुद्दा गाजला. फेब्रुवारी 2014 च्या अंतरिम बजेटमध्ये यूपीए सरकारनं त्यासाठी 500 कोटी जाहीर केले. मग 2015 च्या उन्हाळ्यात हेच म्हातारे सैनिक जंतरमंतरवर उपोषणाला बसले, आणि नोव्हेंबर 2015 मध्ये आदेश निघाला. आज दोन्ही बाजू म्हणतात, आम्ही दिलं. मागणी मात्र कित्येक दशकं जुनी होती. रस्त्यावर बसलेल्यांचं नाव कोणी घेतं का?

2019 च्या निवडणुकीआधी 9 मार्चला निवडणूक आयोगाला पक्षांना पुन्हा बजावून सांगावं लागलं, की प्रचारात जवानांचे फोटो वापरू नका. पुन्हा म्हणायचं कारण, हीच सूचना आयोगानं डिसेंबर 2013 मध्येही दिली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दीडशेच्या वर माजी अधिकाऱ्यांच्या नावानं राष्ट्रपतींना पत्र गेलं, सैन्याचा राजकारणासाठी वापर थांबवा म्हणून. त्यातल्या काही बड्या नावांनी नंतर सांगितलं, की आमची संमतीच नव्हती. विचार करा, माजी सेनाप्रमुखाचं नाव त्याला न विचारता छापलं जातं, तर आपल्यासारख्या हवालदार-नाईकाची काय कथा?

आता सर्व्हेचं पाहू.

नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा असल्यामुळे ही निवडणूक एका चेहऱ्याची झाली आहे. 2016 मध्ये थेट निवड आणली, 2020 मध्ये महाविकास आघाडीनं ती काढली, 2022 मध्ये शिंदे सरकारनं परत आणली. चेहरा एक म्हटला की आकडा काढायला सोपा जातो. म्हणून फेसबुकवर "कोण होणार नगराध्यक्ष?" असे पोल चालू आहेत. एकात याला 70 टक्के, दुसऱ्यात त्याला 70 टक्के.

आपल्याकडे कापूस विकणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. व्यापारी गाडीतला वरवरचा कापूस पाहून भाव करत नाही. तो आत हात घालतो, खालचा काढतो, ओल पाहतो. फेसबुकचा पोल म्हणजे नुसता वरचा कापूस. ज्याचे कार्यकर्ते मोबाईलवर जास्त, त्याचा टक्का जास्त. ज्या आजीकडे स्मार्टफोन नाही, ती त्यात नाही, पण ती सकाळी साडेसातला रांगेत पहिली असते!

अमेरिकेत 1936 साली राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या मासिकानं 1 कोटी लोकांना पत्रं पाठवली. 20 लाखांवर उत्तरं आली. त्यावरून सांगितलं, की लँडन जिंकणार. निकालात रूझवेल्टनी 48 पैकी 46 राज्यं घेतली. यादीत फोनवाले, मोटारवाले, म्हणजे खाऊनपिऊन सुखी लोक जास्त होते, शिवाय उत्तर पाठवणारेही ठरावीकच. त्याच वेळी गॅलपनं कितीतरी कमी लोकांना, पण नीट निवडून विचारलं आणि विजेता बरोबर सांगितला. म्हणजे किती जणांना विचारलं यापेक्षा कोणाला विचारलं हे महत्त्वाचं.

नीट केलेला सर्व्हेही चुकतो. जून 2024 ला टीव्हीवर एनडीएला 350 ते 400 जागा दाखवत होते, आल्या 293. नोव्हेंबरच्या विधानसभेत बहुतेकांनी महायुती पुढे सांगितली, पण 230 पर्यंत जाईल असं मोठ्या संस्थांपैकी कोणी म्हटलं नव्हतं. एकदा जास्त सांगितलं, एकदा कमी.

आणि आपलंच उदाहरण आहे ना! 2024 च्या जूनमध्ये यवतमाळ-वाशिममधून ठाकरेंच्या सेनेचे संजय देशमुख खासदार झाले. सहा महिन्यांच्या आत, नोव्हेंबरमध्ये, दिग्रस मतदारसंघातून शिंदेंच्या सेनेचे संजय राठोड आमदार झाले, समोर माणिकराव ठाकरे होते. मतदार तेच. दारव्हा, दिग्रस, नेर तेच. एक संजय इकडचे, एक संजय तिकडचे! जो मतदार सहा महिन्यांत असा वेगळा विचार करतो, त्याला कोणी आपल्या खिशातला समजू नये.

मग सर्व्हे कशाला काढतात? भाऊ, हवा करायला. "आपला तर येणारच" म्हणून एक घरी बसतो, "आपला काही येत नाही" म्हणून दुसरा घरी बसतो. प्रभागात दहा-वीस मतांनी निकाल फिरतो. त्या दहा-वीस जणांना घरी बसवलं की काम झालं.

"माजी सैनिक सोबत" या वाक्याचंही तसंच. त्यात देशभक्ती फुकट मिळते, काम काही करावं लागत नाही. म्हणून माझं सगळ्याच उमेदवारांना सांगणं आहे, पाठिंबा मागण्याआधी एवढ्या प्रश्नांची उत्तरं द्या:

1) 2020 मध्ये राज्य सरकारनं माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या मालमत्ता करात माफीची योजना बाळासाहेब ठाकरेंच्या नावानं काढली. आपल्या शहरात किती पात्र घरं आहेत याची यादी तुमच्याकडे आहे का? विधवा बाईला चकरा न मारता माफी मिळेल, याची जबाबदारी कोण घेणार?

2) पहाटे अंधारात गाड्यांच्या मधून धावणारी भरतीची पोरं रोज दिसतात. त्यांना धावायला सुरक्षित जागा आणि बसायला अभ्यासिका कधी?

3) जून 2022 ला अग्निपथ आली. चार वर्षांनी 25 टक्के पोरं कायम, बाकीची घरी. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिली तुकडी चार वर्षं संपली की परतायला लागेल. ती पोरं गावात आली की नगरपरिषद त्यांच्यासाठी काय करणार? योजना चांगली की वाईट यावर दिल्लीत भांडा, गाळा आणि कामधंद्याचं इथं बोला.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं लेखी द्या. माझं मत मग मी ठरवीन, आणि ते कोणाला दिलं हे सांगणार नाही. मतदान गुप्त आहे, ते त्यासाठीच.

माझ्या फौजी भावांनो, बॅनरवर न विचारता नाव-फोटो आला तर गप्प बसू नका, काढायला लावा. पंधरा-वीस वर्षं आपण एका ताटात जेवलो, जात-पक्ष पाहिला नाही. 26 जानेवारीला झेंड्याखाली सोबत उभं राहायचं आहे. एका नगराध्यक्षासाठी तिथं दोन रांगा नकोत.

आणि बाकी दारव्हेकरांनो, सर्व्हे काही सांगो, 2 तारखेला घराबाहेर निघा. साधारण तीन मतं द्यायची आहेत, एक नगराध्यक्षाला, बाकी प्रभागाच्या सदस्यांना. बटणं नीट पाहून दाबा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये मुद्दा मांडा, शिव्या नको. 🙏🇮🇳