पडलेला उमेदवार

निवडणुकीचे निकाल लागले की 'अनामत रक्कम जप्त' झालेल्यांची नावे आपण चेष्टेने वाचतो. मला मात्र अशा वेळी जेम्स वीव्हर आठवतो.

वीव्हर १८३३ साली ओहायोत जन्मला, आयोवात वाढला. वकिलीच्या शिक्षणासाठी त्याने शंभर डॉलरचे कर्ज काढले, तेही शेकडा ३३ व्याजाने! यादवी युद्धात तो उत्तरेकडून लढला, मानद ब्रिगेडियर जनरल झाला. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षात त्याचे बस्तान सहज बसले असते. पण १८७७ मध्ये त्याने चिमुकल्या 'ग्रीनबॅक' पक्षाची वाट धरली.

भांडण नोटांचे होते. युद्धखर्चासाठी सरकारने १८६२ पासून हिरव्या पाठीच्या, सोन्याचा आधार नसलेल्या नोटा काढल्या. १८७९ पासून त्यांच्या बदल्यात सोने देण्याचा कायदा १८७५ मध्ये झाला. पैसा महागला, शेतमाल स्वस्त झाला. माझी उभी हयात बँकेत कर्जखाती तपासण्यात गेली, त्यामुळे यातली मेख चटकन कळते. हजार डॉलर फेडायला आता पूर्वीपेक्षा जास्त पोती धान्य विकावे लागे. खात्यावर मात्र हजाराचे हजारच. आळशी ठरे तो शेतकरी!

त्याच युद्धाची झळ आपल्यालाही लागली होती. युद्ध थांबताच कापसाचे भाव कोसळले. १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यामागच्या कारणांपैकी हे एक. वीव्हरने मतपेटीचा रस्ता धरला.

१८८० मध्ये तो अध्यक्षपदासाठी उभा राहिला. मते मिळाली सुमारे तीन लाख. १८९२ मध्ये पॉप्युलिस्ट पक्षातर्फे पुन्हा उभा राहिला. जॉर्जियात प्रचाराला गेला तर अंड्यांचा मारा झाला. या खेपेला दहा लाखांवर मते पडली, तरी तो पडलाच. १८९६ मध्ये पक्षाने डेमोक्रॅट ब्रायनला पाठिंबा दिला. त्यात वीव्हरही पुढे होता. पक्ष त्यानंतर विरत गेला.

आता १८९२ चा त्यांचा जाहीरनामा पाहा. जास्त मिळकतीला जास्त दराने आयकर, सिनेटर थेट जनतेने निवडणे, टपाल खात्याची बचत बँक! टपाल बँकेचा कायदा १९१० मध्ये झाला. फेब्रुवारी १९१२ मध्ये वीव्हर वारला. १९१३ मध्ये आयकर आणि सिनेटची थेट निवडणूक, दोन्ही घटनेत आले. ते आणले मोठ्या पक्षांनी.

म्हणजे ती मते वाया गेली नाहीत, असे म्हणून समाधान मानता येईल. माझे तेवढ्याने होत नाही. मधल्या वीस वर्षांत ज्यांची शेते कर्जापायी गेली, त्यांना ती कायदा झाल्यावर कोणी परत दिली नाहीत. म्हणून लहान पक्षाचे गाऱ्हाणे मतमोजणीआधी ऐकावे. उमेदवार पडला, एवढ्याने ते खोटे ठरत नाही.