ती पुडी सूपमध्ये घालण्याआधी

हाँगकाँगमधल्या माझ्या मराठी बंधू-भगिनींनो,

डिसेंबर उजाडला की आपल्या घराघरांत गुडघेदुखीच्या गप्पा सुरू होतात. गावाहून आलेल्या सासूबाईंना इथली थंडी बाधते, आणि कुणीतरी मायेनं एक पुडी हातात ठेवतं : "सूपमध्ये घाला, आठ दिवसांत फरक बघा." गेल्या थंडीत अशीच एक पुडी माझ्या शेजारच्या काकूंकडे आली. ओळखीच्या बाईंनी चीनमधल्या युनान प्रांताच्या सहलीहून आणलेली. काकूंनी त्यातल्या चकत्या कोंबडीच्या रश्श्यात टाकल्या आणि वाटीभर रस्सा प्यायल्या.

अर्ध्या तासात ओठांना मुंग्या आल्या. मग जीभ जड झाली, बोटं बधिर झाली, उलट्या सुरू झाल्या. पित्त खवळलं असेल म्हणून घरात ओवा आणि लिंबूपाणी चाललं होतं. मी पोचले तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, ओठ माझे आहेत असं वाटतच नाहीये." मी त्यांचं मनगट धरलं. दोन ठोके नीट लागत, तिसरा गायब, मग तीन-चार घाईघाईनं. मी 18 वर्षं परिचारिका होते. ती नाडी हातात आल्यावर मी दुसरं काहीही न करता अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. काकू दोन रात्री अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या. म्हणूनच त्यांच्या परवानगीनं हे लिहिते आहे.

पुडीत होतं ते त्साओवू. त्याची भावंडं म्हणजे छ्वानवू आणि फूत्झ. मँडरिनमधली ही नावं. कँटोनीज उच्चार थोडे वेगळे. छ्वानवू आणि फूत्झ एकाच झाडाचे, मधला मूळकंद आणि त्याला फुटलेली पिल्लं. त्साओवू त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाचा. निळ्या-जांभळ्या, टोपीसारख्या फुलांची ही झाडं आपल्याला परकी नाहीत. आपला वचनाग, आयुर्वेदातला वत्सनाभ, याच कुळातला. घरोघरी तापाला दिल्या जाणाऱ्या त्रिभुवनकीर्तीत शुद्ध केलेला वत्सनाभ असतो. वैद्य तो गोमूत्रात किंवा दुधात शुद्ध करून घेतल्याशिवाय वापरत नाहीत, आणि भारतातल्या औषध-नियमांत तो विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. आपल्या आजीला जे ठाऊक होतं, ते आपण परदेशात येऊन विसरायला नको.

चिनी वैद्यांनाही ते ठाऊक आहे, आणि फार पूर्वीपासून. शेननोंगच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन निघंटूत फूत्झची नोंद खालच्या श्रेणीत, विषारी द्रव्य म्हणूनच आहे. सिचुआनमधलं च्यांगयू शहर त्याच्या लागवडीसाठी प्रसिद्ध. तिथून येणारा कंद खारवून, उकळून, काप करून, पुन्हा भिजवून, वाफवून दुकानात पोचतो. तयार काप मी हातात घेऊन पाहिलेत : कडा काळपट, आतून पिवळट, तेल लावल्यासारखी चकाकी, मोडला तर काचेसारखा तुटतो. एवढं सगळं करूनही जाणकार वैद्य तो कंद इतर औषधांच्या आधी बराच वेळ वेगळा उकळायला सांगतात. कारण यातलं अ‍ॅकोनिटीन नावाचं विष दीर्घ उकळीनंच फुटतं आणि सौम्य होतं. ते हृदयाच्या आणि नसांच्या पेशींतली सोडियमची दारं उघडीच ठेवतं, म्हणून ओठ बधिरतात आणि हृदयाची लय बिघडते. 2 मिलिग्रॅम अ‍ॅकोनिटीन माणसाला मारू शकतं. साखरेचे दोन-चार दाणे जेवढे भरतील तेवढं. त्यावर नेमका उतारा नाही.

आणि कच्चा कंद दारूत मुरवला तर ती उकळी मिळतच नाही. विष सरळ दारूत उतरतं. सांध्यांना चोळायची बाटली चुकून, किंवा हौसेनं, प्यायल्यानं चीनमध्ये माणसं दगावली आहेत. युनानमध्ये थंडीत हा कंद मांसासोबत तासन्‌तास शिजवून खायची जुनी रीत आहे. तिथेही शिजवण्यात कमी-जास्त झालं की पंगतच्या पंगत आजारी पडते.

चिनी वैद्यकावर माझा राग नाही. शेउंग वानमधल्या को शिंग स्ट्रीटवरून जाताना काष्ठौषधींचा तो वास मलाही आवडतो. माझी तक्रार आहे ती हातोहात फिरणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुडीबद्दल. हाँगकाँगच्या कायद्यानं 31 जहाल औषधी द्रव्यं वेगळी काढली आहेत. कच्चं त्साओवू, छ्वानवू आणि फूत्झ त्यांत आहेत, आणि नोंदणीकृत चिनी वैद्याच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. सहलीहून आणलेल्या पुडीला ना चिठ्ठी, ना मात्रा. वासावरून किंवा चवीवरून कच्चं-पक्कं आपल्याला कळणार नाही. 2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या दुकानातून घेतलेल्या चहाच्या पाल्यातल्या अ‍ॅकोनिटीननं दोघं अत्यवस्थ झाली, त्यांतली बाई गेली. 2022 मध्ये कॅनडात मार्कहमच्या एका उपाहारगृहात जेवलेली माणसं रुग्णालयात पोचली. मसाल्याच्या पुडीत हेच विष मिसळलं होतं.

तेव्हा हात जोडून सांगते. घरात अशी पुडी किंवा बाटली असेल तर आज बाहेर काढा, चिनी अक्षरं सहकाऱ्याकडून वाचून घ्या आणि शंका असेल तर वापरू नका, कुणाला देऊही नका. चिनी औषध घ्यायचंच तर नोंदणीकृत वैद्याकडे जा, रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर त्या त्याला दाखवा, आणि किती वेळ उकळायचं हे लिहून घ्या. काढ्यानंतर ओठांना मुंग्या आल्या तर ओवा शोधत बसू नका, 999 फिरवा. उरलेला चोथा आणि पुडीचा कागद पिशवीत घालून सोबत न्या. काकूंच्या जावयानं तो कचऱ्याच्या डब्यातून परत काढून आणला, म्हणून डॉक्टरांना लवकर कळलं.

आणखी एक. गेल्या दिवाळीत आपल्यातल्या काहींनी सांधेदुखीसाठी अशा पुड्या सातारा-सांगलीकडे आई-वडिलांना पाठवल्या, हे मला ठाऊक आहे. मायेपोटीच पाठवल्या. आज रात्री घरी फोन कराल तेव्हा ती पुडी कुठे ठेवली आहे, तेवढं आधी विचारा.

आपली,
हाँगकाँगमधली एक निवृत्त परिचारिका