वृक्षारोपणापलीकडची रानराखण

पावसाळा जवळ आला की वृक्षारोपणाचे आकडे जाहीर होऊ लागतात. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी रोपांच्या उद्दिष्टाने सुरू झालेली शासकीय मोहीम २०१९ साली ३३ कोटींच्या उद्दिष्टापर्यंत पोहोचली. तिच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु निसर्गरक्षणाचे मोजमाप रोपांच्या संख्येने होऊ शकते काय, याचा विचार व्हायला हवा.

सह्याद्रीतील प्रत्येक अधिवासाची प्रकृती वेगळी आहे. कास पठाराच्या जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की मोठा वृक्ष तेथे सहसा मूळ धरत नाही. त्याच उथळ, ओल्या मातीत सीतेची आसवे आणि वायतुरा फुलतात. २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांत कासचा समावेश आहे. असे सडे आणि गवताळ माळ ओसाड समजून तेथे खड्डे खणणे हे संवर्धन नव्हे, अधिवासाचा नाश आहे. गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभळीने टेकडी हिरवी दिसते. परंतु स्थानिक गवते व त्यांवर जगणारे जीव त्या हिरवाईत फारसे टिकत नाहीत.

या पार्श्वभूमीवर स्वयंसेवी निसर्गअभ्यासकांचे कार्य मोलाचे ठरते. घाणेरी, रानमोडी, कॉसमॉस यांसारखी उपरी झुडपे बी धरण्यापूर्वी उपटणे, स्थानिक वृक्षांचे बी गोळा करून रोपे वाढवणे, फुलोऱ्याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवणे, ही कामे चिकाटीची आहेत. त्यांचा समारंभ होत नाही आणि छायाचित्रेही छापून येत नाहीत.

ही दृष्टी आपल्या समाजाला नवी नाही. देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांत वाळलेली काटकीही न उचलण्याचा दंडक अनेक गावांनी पाळला. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात या राया अभ्यासून त्यांचे महत्त्व जगासमोर मांडले. आज मात्र अनेक ठिकाणी मंदिराचा जीर्णोद्धार, सभामंडप आणि वाहनतळ यांसाठी राईवरच कुऱ्हाड चालते. देवाचे घर सजवताना त्याचे रान उजाड करणे ही कसली भक्ती? जेथे राई हेच देवाचे स्थान मानले गेले, तेथे तिच्यावाचूनचा जीर्णोद्धार अपुराच म्हणावा लागेल.

२००२च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद केली आहे. नोंदवही कागदोपत्री पूर्ण होणे वेगळे आणि ती गावाच्या उपयोगी पडणे वेगळे. गावातील जाणती माणसे, वैदू, गुराखी यांचे ज्ञान आणि अभ्यासकांची शास्त्रीय शिस्त एकत्र आली, तरच तिच्यात प्राण येईल. ग्रामसभांनी व देवस्थानांच्या विश्वस्तांनी रोप लावण्यापूर्वी किंवा झाड तोडण्यापूर्वी या अभ्यासकांना बोलवावे. नवे रान उभे करण्याचे श्रेय घेण्यापूर्वी आहे ते रान राखण्याचे कर्तव्य समाजाने पार पाडले पाहिजे.