माळ्यावरचा तंबोरा कुणाचा?

माझा एक मित्र दिवसा आयटीवाला आणि वीकेण्डला बास गिटारवाला. गेल्या वर्षी त्याने एक जुनी, हाताने बनवलेली बास गिटार घेतली आणि पुढचे दोन महिने आम्हाला फक्त लाकडं ऐकवली. बॉडी अॅशची, नेक मेपलची, फिंगरबोर्ड रोझवूडचा. रोझवूड म्हणजे आपल्याकडच्या शिसवाचंच खानदान. या अख्ख्या खानदानाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ मध्ये निर्बंध आले, तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडाली होती. बहुतेक तयार वाद्यांना सूट मिळायला २०१९ उजाडलं. एवढं सगळं ऐकवून झाल्यावर त्याने विचारलं, ‘तुमच्या घरी आहे का एखादं वाद्य?’

आहे ना. पारोळ्याला, मामाच्या माळ्यावर. एक तंबोरा. लाकूड कुठलं, बनवला कुणी, काही पत्ता नाही. ‘आजोबांचा, भजनातला’, एवढीच त्याची कुंडली.

धुळे-जळगाव रस्त्यावरचं पारोळा तुम्ही एसटीच्या खिडकीतून पाहिलं असेल. १७२७ च्या सुमाराला बांधलेला भुईकोट किल्ला आणि त्याला चहूबाजूंनी चिकटलेली बाजारपेठ. दिवाळीनंतर गेले, तर मामा जुनं घर पाडायच्या तयारीत. तंबोऱ्याला गिऱ्हाईकही ठरलेलं. पुण्यातल्या एका डेकोरवाल्याला त्याचा लॅम्प करायचा होता. भाव दोन हजार.

‘मला पंधरा दिवस दे,’ मी म्हटलं.

‘काय व्हयनं माय? लाकूड तर आहे ते!’ मामा हसला. पण दिला.

चादरीत गुंडाळलेला तंबोरा घेऊन मी मिरजेला पोहोचले. सतारमेकर गल्लीत दुकानामागून दुकान वाद्यांचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब आणि त्यांचं शिकलगार घराणं इथे तंतुवाद्यांकडे वळलं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले आणि त्याच हातांनी सतारी घडवल्या. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

एका कारागिरांनी तंबोरा हातात घेतला, तोलला, बोटाच्या पेराने तबली ठोकली. ‘तून आहे,’ म्हणाले. तून हलकं, लालसर, कोरायला सोपं. घरी येऊन शोधलं, तर हे झाड महोगनीच्या कुळातलं निघालं. म्हणजे कितीतरी गिटारींचं चुलत भावंड! आपला कडुनिंबही त्याच कुळातला. खालचा भोपळा मात्र खराखुरा भोपळा, खायचा नव्हे, कडू. मिरजेत तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, वाळवून, पोखरून. याचा बहुधा तिकडचाच.

मग त्यांनी सहज विचारलं, ‘घरात कोण गायचं? आजी?’

‘नाही, आजोबा.’

‘हा जनानी आहे.’ त्यांनी शेजारचा मर्दानी तंबोरा काढून बाजूला उभा केला. भोपळा मोठा, दांडी लांब. आमचा त्याच्यापुढे अगदी धाकटा. बायकांची पट्टी उंच, म्हणून वाद्य लहान. ‘उंच आवाजाचा पुरुषही घेईल,’ ते म्हणाले, ‘पण आजोबांचा आवाज कसा होता?’

मी तिथूनच मामाला फोन लावला. ‘नानांचा? खर्जातला. मंदिरात बोलले तर वेशीपर्यंत ऐकू जायचं.’ मग पलीकडे एकदम शांतता.

रात्री मामाने अमळनेरला आजीच्या धाकट्या बहिणीला विचारलं. मावशीआजीने क्षणभरही विचार केला नाही. ‘ताईचाच. माहेराहून आणलेला. सासरी कुणाला आवडायचं नाही, म्हणून तिने कधी गवसणी सोडलीच नाही. पुढे तो भजनी मंडळात गेला.’

माझी आजी गायची. हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी एका भोपळ्याच्या मापावरून कळलं. मामाला साठीत. आणि आम्ही तिचा लॅम्प करायला निघालो होतो!

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. तबलीची चीर भरली, खुंट्या बदलल्या, घोडी घासून जवारी काढली. तारेचा घोडीला नेमका किती स्पर्श व्हावा हे कानानेच ठरतं, त्याला मशीन नाही. शेवटी तार आणि घोडी यांच्या मध्ये एक साधा दोरा सरकवला आणि तार बोलायला लागली. या दोऱ्याला ‘जीव’ म्हणतात.

आता तंबोरा मामाच्या नव्या घरात, दिवाणखान्यात उभा आहे. डेकोरवाल्याला मामानेच नाही म्हणून कळवलं. गाणारं घरात कुणीच नाही, पण रविवारी मामा तारा छेडून बसतो, असं मामी सांगते.

तुमच्या माळ्यावर काय आहे? विकायच्या आधी एखाद्या मावशीआजीला फोन करून बघा.