बोटीची डागडुजी वेळेवर करतो, मग बाळंतिणीच्या दाताला थांब का म्हणतो?



आज मासळीच्या भावाबद्दल नाही, जाळ्यांबद्दलही नाही. घरातल्या एका गोष्टीबद्दल लिहितोय. वाचायला बारीक वाटेल, पण ज्या घरात घडते त्या घराला विचारा.

गेल्या पावसाळ्यात आपल्यातल्याच एका घरी बाळ चार महिन्यांचं होतं आणि आईची दाढ दुखायला लागली. घरचे म्हणाले, "अंगावर पाजतेस, आत्ता दाताला हात लावायचा नाही. पोरानं दूध सोडलं की बघू." लवंग दाबून आणि दुकानातून आणलेल्या गोळ्या खाऊन तिनं तीन महिने काढले. शेवटी गाल सुजला, ताप भरला, तोंड उघडेना. दाढ काढावी लागली. आधीच गेली असती तर कदाचित सिमेंट भरून भागलं असतं. खरं सांगायचं तर तेव्हा आम्हीही त्या घरी जाऊन आलो होतो आणि "लवंग लाव" एवढंच सांगून परत आलो होतो. म्हणून हे लिहिणं आम्हाला लागतं.

आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, एक पोर झालं की एक दात जातो. दूध दातातून कॅल्शियम ओढून घेतं, असा समज. तसं होत नाही. दुधासाठी आईच्या अंगातून कॅल्शियम जातं हे खरं, पण ते हाडांतून जातं, दातांतून नाही. आणि दूध तुटलं की हाडं ते बहुतेक भरून काढतात. म्हणजे दात जातो तो पोरामुळे नाही. मग कशामुळे?

गरोदरपणात हिरड्या सुजतात, ब्रश लावला की रक्त येतं. बाई घाबरून ब्रश करायचं सोडते. उलट्यांनी दातांवर आंबट पाणी येतं. बाळंतपणानंतर दिवसातून पाच वेळा खाणं, त्यात गुळाचे, डिंकाचे लाडू दाताला चिकटून बसतात. रात्री तीनदा उठून पाजायचं, तोंड कोण धुणार? काही घरांत तर बाळंतिणीनं ब्रश केला की दात हलतात असं सांगून महिना-महिना ब्रश बंद ठेवतात. दात हलतात ते हिरडीखाली घाण साचून, ब्रशमुळे नाही.

मशेरीचंही बोलायलाच हवं. दात दुखला की मशेरी लावली, जरा बधिर झालं, बरं वाटलं. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिनं हिरड्या खराब होतात, आणि तिच्यातलं निकोटिन दुधातून पोराच्या पोटात जातं. दात घासायला मशेरी नको, तपकीरही नको. फ्लोराइडची साधी पेस्ट घ्या, सकाळी आणि रात्री झोपताना. लाडू खाल्ल्यावर पाण्यानं चूळ भरली तरी पुष्कळ फरक पडतो.

आता मुख्य मुद्दा. पाजणाऱ्या आईच्या दातावर इलाज होतो. दात बधिर करायच्या इंजेक्शनचा दुधात जाणारा अंश अगदी थोडा असतो, त्यासाठी पाजणं थांबवावं लागत नाही. दाताचा एक्स-रे काढला तरी दुधाला काही होत नाही. पॅरासिटामॉल चालतं, चालणारी अँटिबायोटिकंही आहेत. पण सगळ्याच गोळ्या चालत नाहीत, म्हणून दुकानातून मनानं घ्यायच्या नाहीत. डॉक्टरसमोर बसताच पहिलं वाक्य हेच सांगायचं, "मी बाळाला पाजते." जायच्या आधी पोराला पाजून घ्यायचं, सोबत सासू नाहीतर नणंद न्यायची, म्हणजे बाळ सांभाळायला हात असतो.

यात पोराचाही फायदा आहे. किडीचे जंतू आईच्या थुंकीतून बाळाच्या तोंडात जातात. आपण भात चावून भरवतो, चमचा आधी स्वतःच्या तोंडात घालून बघतो, तिथूनच. आईचं तोंड स्वच्छ तर पोराच्या पहिल्या दातालाही बरं.

खाण्याचं म्हणाल तर नाचणी, दूध-दही, आणि काट्यासकट चावून खाता येते अशी बारीक मासळी. सुकट, जवळा घरात असतोच. पाजणाऱ्या आईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, दिवसाला २, बाळंतपणानंतर ६ महिने. त्या डब्यात ठेवायला नाहीत, खायला आहेत. फक्त लोहाच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नका, मध्ये अंतर ठेवा.

बोटमालकांनो, आता तुमच्याशी. बोटीला बारीक फट दिसली की आपण ती पाण्यात घालत नाही. बूड घासतो, फट बुजवतो, रंग लावतो, मगच मधुबनच्या पाण्यात नेतो. "सीझन संपला की बघू" असं कुणी म्हणतं का? मग घरातल्या बाईला ते का सांगतो?

दुधनी, कौंचाकडून आमलीला यायचं म्हणजे दिवस मोडतो, हे आम्हाला माहीत आहे. तान्हं पोर घेऊन ती एकटी येणार नाही. एक दिवस जाळं टाकू नका, तिला घेऊन या. आमलीत सिव्हिल हॉस्पिटल आहे. केस पेपर काढतानाच दातांसाठी आलोय म्हणून सांगा. पोराच्या लसीची तारीख आपण चुकवत नाही. त्याच्या आईच्या दातालाही एक तारीख द्या.

आज घरी गेल्यावर तिला एवढंच विचारा, "तुझा दात दुखतोय का?" ती आधी नाही म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा.